पाच मेहुण्या आणि तीन महिने

लिफाफा येऊन चार दिवस झाले होते. मामांनी तो मला पाचव्या दिवशी दाखवला, तोही जेवण झाल्यावर, आणि हातात न देता पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवून. आमच्याकडे मामा भाच्याला काम सांगत नाहीत. उलट भाच्याच्या पाया पडतात, त्याला स्वतःचे ताट उचलू देत नाहीत. मी पन्नाशीला आलो तरी नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या घरात हा नियम चालू आहे. त्यामुळे एक सरकारी कागद वाचून दे, एवढे सांगायला मामांना चार दिवस लागले, याचे मला नवल वाटले नाही.

"मले वाटलं लायसन्सच परत आलं," ते म्हणाले. "चाचपून पाह्यलं, त आत निस्ता कागद."

कागद परिवहन कार्यालयाचा होता. शेजारच्या राज्यात मालवाहू वाहनातून माणसे नेल्याबद्दल तिथल्या पोलिसांनी आपले लायसन्स जप्त करून या कार्यालयाकडे पाठवले आहे. ते तीन महिन्यांसाठी निलंबित का करू नये, याचा खुलासा दिलेल्या तारखेला समक्ष हजर राहून करावा, असा मजकूर होता. मी तो एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचला. मामांनी शांतपणे ऐकला आणि फक्त एक प्रश्न विचारला.

"सौसरले अडवलं, अन् नागपूरले कसं कळलं?"

मामा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. गांधीबागेतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्याचा टेम्पो ते एकतीस वर्षे चालवत होते. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. माग विकला गेला त्या वर्षी मामा गाडी शिकले. घरातले ते पहिले ड्रायव्हर. दुकानातल्या भाषेत त्यांच्याकडे 'एमपी लाइन' होती. आठवड्यातून दोनदा कापडाच्या गाठी घेऊन सावनेरवरून पुढे, हद्द ओलांडून सौसर आणि पांढुर्णा, आणि संध्याकाळपर्यंत रिकामा टेम्पो घेऊन परत.

सौसर ही त्यांची सासुरवाडीही होती. विणकरांच्या घरांमध्ये त्या बाजूला मुली देणे आणि तिकडच्या करणे नवीन नाही. हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच आडनावे, एकच बोली, लग्नात एकच जेवण. मामींना सहा बहिणी, सगळ्या सौसर आणि आसपासच्या गावांत दिलेल्या. त्यामुळे एमपी लाइनवर माल पोचवणे हे मामांच्या कामाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे जाताना इकडचे पापड तिकडे आणि येताना तिकडचे लोणचे इकडे.

प्रसंग असा घडला होता. मामींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांना भेटायला बहिणींना नागपूरला यायचे होते. टेम्पो दुपारी सौसरला रिकामा झाला, तेव्हा दुकानाच्या पायरीवर पाच जणी पिशव्या घेऊन बसलेल्या होत्या. सहावीला जमले नाही. मामांनी मागच्या भागात दुकानदाराची सतरंजी अंथरली, फळीला दोर बांधून धरायची सोय केली आणि निघाले. दोन-चार किलोमीटरवर तपासणी चालू होती.

पोलीस तरुण होता आणि नीट बोलला, असे मामा आणि पाचही बहिणी एकमताने सांगतात. त्याने मागचा पडदा वर केला, माणसे मोजली आणि मामांना हे काय म्हणून विचारले. इथे मामांनी ती चूक केली, जी त्यांच्या जागी त्या लाइनवरच्या कुठल्याही विणकराच्या जावयाने केली असती. गुन्हा असेल तर तो भाडे घेऊन माणसे नेण्याचा, घरच्यांना नेण्याचा कसला गुन्हा, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे त्यांनी काही लपवले नाही. उलट अभिमानाने सगळे सांगितले. या माझ्या बायकोच्या सख्ख्या बहिणी, एक पैसा घेतलेला नाही, घरी बायकोचा पाय बांधलेला आहे. पाचही जणींची नावे सांगितली, कोणती कुठे दिली तेही सांगितले. तेवढ्यात थोरल्या मेहुणीने डबा उघडून पोलिसाला लाडू पुढे केला. त्याने लाडू घेतला नाही, जबाब घेतला. तो हिंदीत लिहिला, वाचून दाखवला आणि मामांनी खाली मराठीत सही केली.

बहिणींना खाली उतरवून एका काळी-पिवळी जीपमध्ये बसवण्यात आले. मामांनी दंड भरला. लायसन्स पोलिसाने ठेवून घेतले आणि पावती दिली. त्या पावतीवर मामा काही दिवस गाडी चालवत राहिले आणि प्रकरण संपले असे समजून चालले. त्यांच्या लाइनवरच्या ड्रायव्हरांची तशीच समजूत होती. हद्दीपलीकडे जे झाले ते हद्दीपलीकडे राहते. कागद टपालाने जायचे, फायलींत पडून राहायचे, त्या काळात ही समजूत फारशी खोटीही नव्हती.

मी काही वर्षे वार्ताहर म्हणून परिवहन कार्यालयाच्या बातम्या केल्या होत्या, त्यामुळे मला जे माहीत होते ते सांगितले. लायसन्स नागपूरच्या कार्यालयाने दिले असले तरी ते देशाच्या कायद्याखाली दिलेले आहे, म्हणून सौसरला चालते. ज्या कारणाने ते सौसरला चालते, त्याच कारणाने सौसरची चूक नागपूरला मोजली जाते. तिकडचा पोलीस लायसन्स निलंबित करू शकत नाही. तो ते जप्त करून इथे पाठवतो आणि निर्णय इथे होतो. आता तर नोंद संगणकावर आधी पोचते, कागद मागून येतो. आणि नियमात भाडे घेतले की नाही, याने फरक पडत नाही. मालाच्या गाडीत मागे माणसे नेणे हाच गुन्हा.

"पण बाबू, सौसर का परका मुलूख हाये का? आपलीच सासुरवाडी."

"मग मामा, नागपूरला कळलं तर नवल कशाचं?"

मेहुण्यांना आणताना त्यांच्या लेखी हद्द नव्हती आणि लायसन्सच्या वेळी मात्र होती, हे मी बोललो नाही. त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी तांब्या उचलून विनाकारण पाणी प्यायले.

प्रश्न तीन महिन्यांचा नव्हता. तीन महिने एमपी लाइन कुणीतरी दुसऱ्याने चालवावी लागली असती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हातातून गेलेली लाइन परत मिळत नाही. दुकान मामांना काढणार नव्हते. शहरातल्या शहरात, गांधीबाग ते रेल्वेचा मालधक्का, असे काहीतरी त्यांना दिले असते. म्हणजे उरलेली वर्षे सिग्नलवर उभे राहण्यात गेली असती आणि सौसर सणासुदीपुरते राहिले असते. हे मामा म्हणाले नाहीत. मामींनी आतल्या खोलीतून सांगितले, आणि त्यावर मामांनी मान हलवली.

मी कुणाला तरी फोन करावा, असे घरात कुणी म्हटले नाही. वर्तमानपत्रातल्या माणसाकडून लोकांची तशी अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. त्या घरात ती कधीच नव्हती, आणि त्या दिवशी मला त्याचे थोडे अवघडलेपण वाटले.

मार्ग दुकानाच्या दिवाणजींनी काढला. हे वयस्कर गृहस्थ गांधीबागेत सगळ्यांशी हिंदीत बोलतात आणि मराठीत चिडतात. मालाच्या चढ-उतारासाठी लागणारे हमाल गाडीत नेता येतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी दुकानाच्या कागदावर पत्र तयार केले. सदर दिवशी गाडीत असलेल्या पाच व्यक्ती दुकानाने कामावर घेतलेल्या हमाल होत्या, असे त्यात लिहिले होते. खाली शिक्का होता. मामांना दुकानात जमाईबाबूच म्हणत. पत्र त्यांच्या हातात देताना दिवाणजी म्हणाले होते, "जमाईबाबू, कागज पर औरतें हमाल हो गईं तो क्या, लायसन्स तो बचेगा. चुपचाप दे देना."

मामांनी पत्र घरी आणले आणि सुनावणीच्या आदल्या रविवारी मला दाखवायला बोलावले. मी येईपर्यंत ते मामींनी वाचले होते. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा होता आणि पत्र मांडीवर होते.

"बाबू, हमाल म्हंजे कोण ते सांग यायले," त्या मला म्हणाल्या, म्हणजे मामांना म्हणाल्या.

मामांनी सांगितले की हा फक्त कागद आहे. कागदावर लिहिल्याने कोणी हमाल होत नाही. मामींनी विचारले, की कागदावर लिहिल्याने काही होत नसेल तर मग तीन महिन्यांचे कशाला घाबरता. मामांनी मेहुण्यांना विचारून पाहू म्हणून थोरलीला फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला.

थोरल्या मावशींनी, आम्ही सगळे त्यांना असेच म्हणतो, सगळे ऐकून घेतले आणि त्या खूप हसल्या. त्या म्हणाल्या, लिहा की खुशाल. लहानपणापासून सुताचे गठ्ठे डोक्यावर वाहिले, तेव्हा कुणी हमाल लिहून दिले नाही, आता लिहिताहेत तर बरेच आहे. जावईबापूंचे लायसन्स वाचत असेल तर आमचे काय जाते. मागून दुसरी एक बहीण म्हणाली की मजुरी मात्र पाठवून द्या. मामांचा चेहरा खुलला.

मामींनी हात पुढे करून फोन घेतला.

"तुमी बोलू नका वं," त्या म्हणाल्या. "तुमी कायले आल्या होत्या? माह्या पायासाठी आल्या होत्या. मी या घरात पडून होती, अन् माह्या बहिणी सतरंजीवर बसून निघाल्या. ते जर कोनी हमाली लिहीन, त मंग तो पाय बी खोटाच होता असं लिहा."

मामींनी फोन ठेवला आणि मांडीवरचे पत्र मामांच्या हातात दिले.

यावेळी मी एक तांत्रिक मुद्दा सांगितला. सौसरच्या जबाबावर मामांची सही आहे, त्यात त्या पाच जणी मेहुण्या आहेत. आता त्याच फायलीत त्या हमाल म्हणून आल्या, तर अधिकाऱ्याला दोन्ही कागद शेजारी ठेवायला एक मिनिट लागेल. मग प्रश्न लायसन्सचा राहणार नाही, खोट्या कागदाचा होईल. मुद्दा बरोबर होता. पण निर्णय त्यावर झाला नाही. तो आधीच झालेला होता, कारण मी बोलत असताना मामांनी पत्राच्या चार घड्या घालून ते शर्टाच्या खिशात ठेवले होते, आणि दुसऱ्या दिवशी ते दिवाणजींना परत नेऊन दिले. दिवाणजी त्यांच्याशी मराठीत बोलले, एवढेच मामांनी सांगितले.

सुनावणीला मी सोबत गेलो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या. समोर फाइल होती, त्यात हिंदी जबाबाची प्रत. त्यांनी ती पूर्ण वाचली, मग मान वर केली.

"हे असंच झालं का?"

"असंच झालं मॅडम."

"या पाच कोण?"

"बायकोच्या बहिनी. सहा हायेत, पण एकीले नाई जमलं."

बाईंनी सहावीची नोंद केली नाही. त्यांनी मामांना विचारले की मागे धरायला काय होते. मामा म्हणाले, दोर बांधला होता आणि मी चाळीसच्या वर गेलो नाही. एकतीस वर्षांत माझ्या गाडीला कुणाची गाडी लागलेली नाही. हे खरे होते आणि ते सांगताना त्यांचा आवाज किंचित चढला.

"तुम्ही हळूच चालवत असाल," बाई म्हणाल्या. "समोरून येणारा कसा चालवतो, ते तुमच्या हातात आहे का?"

घरी येताना मामा मला म्हणाले की त्या एका वाक्यात त्यांना तो रस्ता दिसला, सावनेरच्या पुढचा, आणि समोरून येणारे कोळशाचे ट्रक दिसले, आणि पाचही जणी दिसल्या. त्या सतरंजीला कशानेही धरून ठेवलेले नव्हते. हे त्यांच्या डोक्यात आधी आलेच नव्हते.

बाईंनी निर्णय तिथेच सांगितला. तीन महिने, आजपासून. त्या मुदतीत एक उजळणी प्रशिक्षण करावे लागेल, त्याचे प्रमाणपत्र आणल्याशिवाय लायसन्स परत मिळणार नाही. मामांनी मान डोलावली. पण ते उठले नाहीत. त्यांनी विचारले, ही नोंद किती दिवस राहते. बाई म्हणाल्या, निलंबन संपते, नोंद राहते. देशात कुठेही लायसन्स तपासले तर दिसेल.

"मंग त्यात एक लिहिता येईन का, मॅडम? का भाडं नव्हतं घेतलं. घरच्याच होत्या."

मी त्यांच्याकडे पाहिले. बाईंनीही पाहिले. त्यांनी फाइल उघडली, हिंदी जबाबावर बोट ठेवले आणि ती ओळ मामांना वाचून दाखवली. सवारी के रूप में नहीं, परिवार के सदस्य, कोई किराया नहीं लिया गया. सौसरच्या त्या तरुण पोलिसाने ते अक्षर न अक्षर लिहून ठेवले होते.

"हे इथं आहे," बाई म्हणाल्या.

मामांनी दोन्ही हात जोडले. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी मला सांगितले की पोरगा चांगला होता, लाडू घ्यायला पाहिजे होता त्याने. तीन महिन्यांबद्दल ते बोलले नाहीत. त्यांची काळजी कशाची होती, ते मला त्या खोलीत कळले. वाहतुकीचा नियम मोडणारा म्हणून देशभर नोंद होणे त्यांना चालणार होते. मेहुण्यांकडून भाडे घेणारा म्हणून नव्हते.

एमपी लाइन दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेली. मामा रोज सकाळी दुकानात जाऊन बसत आणि गाठींवर चिठ्ठ्या लावत. दिवाणजी त्यांच्याशी पुन्हा हिंदीत बोलू लागले. प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवणारा त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होता. मामांनी त्याचे सगळे ऐकले आणि घरी येऊन मामींना सांगितले की चढावर ओव्हरटेक करू नये हे त्याला पुस्तकातून माहीत आहे. तरी प्रमाणपत्रावरचा आपला फोटो त्यांना आवडला होता.

नव्या ड्रायव्हरची बातमी मला मामींकडून मिळायची. पहिल्याच आठवड्यात सौसरच्या दुकानदाराने त्याला विचारले, आमच्या जावयाचे काय झाले. पांढुर्ण्यात त्याला तीन ठिकाणी बसवून चहा दिला आणि प्रत्येक ठिकाणी तेच विचारले. थोरल्या मावशींनी त्याच्या हाती लोणच्याची बरणी दिली, ती त्याने कुठे द्यायची ते ऐकून घेतले नाही आणि बरणी दुकानातच राहिली. दुसऱ्या महिन्यात त्याने दिवाणजींना सांगितले की त्याला अमरावतीची लाइन द्या. इथे माल उतरायला अर्धा तास लागतो आणि खुशाली सांगायला दोन. मी हे पडताळून पाहिलेले नाही. मामी सांगत होत्या तेव्हा मामा पेपर वाचत होते, आणि त्यांनी बराच वेळ पान उलटले नाही.

लायसन्स परत मिळाले त्या आठवड्यात एमपी लाइनच्या टेम्पोची किल्ली मामांकडे आली. दिवाणजींनी ती त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

पहिल्या फेरीला मामांनी मला सोबत चल म्हटले. केबिनमध्ये ड्रायव्हरखेरीज एक जण बसू शकतो, असे गाडीच्या कागदावर आहे. त्यांनी ते मला निघण्यापूर्वी दाखवले. सौसरला माल उतरला. दुकानाच्या पायरीवर बहिणी बसल्या होत्या, यावेळी सहाही. मामींचा पट्टा निघाला होता आणि बहिणींना त्यांचे चालणे पाहायचे होते. थोरल्या मावशी उठून टेम्पोच्या मागच्या बाजूला गेल्या. मामा त्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"गाडी रिकामीच जाऊन राहिली, जावईबापू."

"जाऊ द्या. बस हाये."

त्यांनी नाराजी बोलून दाखवली, पण पिशव्या उचलल्या. मामांनी सहा जणींना स्टँडवर नेले, नागपूरच्या बसमध्ये जागा पाहून बसवले, खिडक्या उघडून दिल्या. मग टेम्पो काढला.

हद्द गेली, सावनेर मागे पडले. बस जिथे थांबे तिथे आम्ही तिच्या मागे थांबत होतो. रस्ता मोकळा होता, दोन वेळा पुढे जायला सरळ वाट मिळाली आणि मामांनी गाडी मागेच ठेवली. तिसऱ्या वेळी मी विचारले की पुढे का जात नाही.

"पुढं जाऊन करू काय गा?" ते म्हणाले. "समदं घर त त्या बसमंधी हाये."

बसच्या मागच्या काचेतून थोरल्या मावशी आमच्याकडे पाहत होत्या. त्यांनी डबा उघडून एक लाडू वर धरला आणि आम्हाला दाखवून खाल्ला.